जेवणानंतर दोन तास

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यात भावना खंडारे चेकर आहे. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, कॉलरची दोन्ही टोकं जुळवून पाहायची, काजं-बटणं तपासायची, सुटे धागे कापायचे आणि चूक दिसली तर स्टिकर लावून पीस परत शिलाईच्या लाइनवर पाठवायचा. नऊ वर्षं ती हे काम करते आहे. बोलते कमी. लाइनवरच्या बाया तिला जरा बिचकून असतात. तिच्या टेबलावरून परत आलेल्या पीसवरून वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्यांना अनुभवानं कळलेलं आहे.

नवरा सुगत वीज कंपनीत लाइनमन आहे. सासू-सासरे दर्यापूरकडे थोरल्या मुलाजवळ राहतात. हे दोघं कारखान्यापासून पायी पंधरा मिनिटांवर भाड्याच्या दोन खोल्यांत. भावनाचं माहेर बाळापूरचं. वडील गेले, घरी आई एकटी. तिचं नाव माणिकबाई.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी भावनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं म्हणून सातव्या महिन्यात ती बाळापूरला गेली. माणिकबाईनं लेकीसाठी जे करायचं ते सगळं केलं. सकाळी तुपातला शिरा, दहा वाजता डिंकाचा लाडू, जेवणात भात आणि वरून गूळ-तूप. गावातल्या एका खाजगी दवाखान्यात नाव घातलं होतं. तिथं दर वेळी वजन व्हायचं, रक्तदाब व्हायचा, दोनदा सोनोग्राफी झाली. साखरेची तपासणी कुणी केली नाही, आणि ती करायची असते हे मायलेकींना माहीत नव्हतं. पोट मोठं दिसायचं. शेजारच्या बाया कौतुकानं म्हणायच्या, "पैलवान हाय आतमध्ये."

नववा महिना भरत आला असताना एका सकाळी बाळ हलेना. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग गाडी करून अकोल्याला नेलं, पण तोवर उशीर झाला होता. मुलगी होती. वजन चार किलो दोनशे ग्रॅम. काय झालं असावं, हे कुणी नीट सांगितलं नाही. घरच्यांनीही विचारलं नाही. दोन महिन्यांनी भावना कामावर परत आली, आणि त्या विषयावर ती पुढं कुणाशी बोलली नाही. माणिकबाईशीही नाही.

मधे पाच वर्षं गेली. मूल नको असं दोघांनी ठरवलं नव्हतं, पण पाहिजे असंही कुणी म्हणत नव्हतं. मग गेल्याच्या आधीच्या दिवाळीत तिला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. या वेळी तिनं अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात नाव घातलं आणि बाळापूरला जायचं नाही असं सांगून टाकलं.

तिसऱ्या महिन्यात तिथं ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं, तेव्हा सगळं ठीक निघालं. सहावा महिना संपत आल्यावर तीच तपासणी पुन्हा सांगितली. तिथल्या माया सिस्टरनं ग्लुकोजची पुडी ग्लासभर पाण्यात ढवळली, वर लिंबू पिळलं आणि म्हणाली, "हळूहळू पिऊन टाक. ओकायचं नाही, फिरायचं नाही. दोन तास इथंच बसून राहा."

भावना बाकावर बसली. दोन तासांनी बोटाला सुई टोचली. आकडा आला एकशे बहात्तर. एकशे चाळीसच्या आत असायला हवा होता.

डॉक्टर मॅडम त्या भागातल्या नव्हत्या, बोलणं पुण्याकडचं होतं. त्यांनी केस पेपर वाचायला घेतला. "पहिलं बाळ गेलं ना तुमचं? वजन किती होतं?"

"चार किलो दोनशे."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "त्या वेळी ही तपासणी झाली होती?"

"नाही."

"घरात कुणाला शुगर आहे?"

"कोणालेच नाही. अन् मी गोड खातच नाही मॅडम. चहासुदा बिनसाखरेचा."

"गोड खाल्लं म्हणून हा आजार होत नाही," मॅडम म्हणाल्या. "गरोदरपणात जी वार तयार होते, तिच्यातून काही द्रव्यं आईच्या रक्तात येतात. त्यांच्यामुळे आईचं इन्सुलिन नीट काम करत नाही. बऱ्याच जणींचं शरीर जास्तीचं इन्सुलिन तयार करून हे भागवून घेतं, काहींना जमत नाही. मग साखर वाढते आणि वारेतून बाळाकडे जाते. बाळ मोठं होतं, गुटगुटीत दिसतं. पण आत त्याला त्रास होत असतो."

भावनानं विचारलं, "मंग पहिल्या वेळीही हेच होतं काय?"

"नक्की सांगता येणार नाही. तेव्हा तपासलंच नाही, आता कळायला मार्ग नाही. पण असू शकतं."

सुगत बाहेर गाडी घेऊन उभा होता. भावना त्याच्या मागं बसली. तिला राग आला होता, पण तो कुणावर धरावा हे ठरत नव्हतं. बाळापूरच्या त्या दवाखान्यावर धरावा, तर तो कधीच बंद झाला होता. घरी आल्यावर तिनं कुकर लावला आणि मग सुगतला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "आईले नोका सांगू हे."

"काहून?"

"तिनंच खाऊ घातलं होतं ना सगळं."

पहिले दोन आठवडे फक्त खाण्यावर आणि चालण्यावर पाहू, असं मॅडमनी सांगितलं होतं. उपाशी राहायचं नाही. तीन मोठी जेवणं करायच्या ऐवजी थोडं थोडं सहा वेळा खायचं. भात अर्धी वाटी, तोही वरण, भाजी, काकडीबरोबर. ज्वारीची भाकर चालेल, पण ती मोजून. नुसतं पोट भरण्यापेक्षा डाळ, मटकी, अंडं, दही यांचा वाटा वाढवायचा. फळ खायचं, रस प्यायचा नाही. तिच्या लाइनवरची अपेक्षा नावाची बाई शेंदूरजनाघाटची, संत्र्यांच्या मुलखातली होती. ती दर सोमवारी पिशवीभर संत्री आणायची आणि भावनाच्या टेबलावर तीन-चार ठेवायची. भावना एकच घ्यायची, बाकीची परत. अपेक्षाला आधी वाईट वाटलं. कारण कळल्यावर ती एकच ठेवू लागली.

अडचण वेळेची होती. कारखान्यात जेवणाची सुट्टी साडेबाराला, चहाची चारला. मधे काही खायचं तर टेबल सोडावं लागणार. ती सुपरवायझरकडे गेली. किशोर तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

"किशोरभाऊ, मले साडेदहाले अन् तीनले दहा-दहा मिनिटं पाहिजेत."

"कशाले?"

"खायाले. डॉक्टरनं सांगतलं."

"इथंच टेबलापाशी खा ना, कोण पाहते."

"कपड्याले हात लागते. डाग पडला तं पीस कोण घेईन?"

किशोर हसला. "अन् ते वीस मिनिटं कुठून आणू मी?"

"मी वीस मिनिटं लवकर येतो सकाळी."

त्यानं वर विचारून सांगतो म्हटलं. दोन दिवसांनी होकार आला. लवकर यायची गरज नाही असंही त्यानं सांगितलं, तरी ती येतच राहिली. जेवण झालं की ती शेडच्या कडेनं, सावली धरून पंधरा मिनिटं चालायची. आधी एकटी, मग अपेक्षा बरोबर येऊ लागली.

सुगतनं घरी साखर तपासायचं यंत्र आणलं. सकाळी उपाशीपोटी पंच्याण्णवच्या आत, जेवणानंतर दोन तासांनी एकशे वीसच्या आत, असं मॅडमनी सांगितलं होतं. भावनाची उपाशीपोटीची साखर आटोक्यात यायला लागली, पण जेवणानंतरची हट्टाला पेटल्यासारखी होती. एकशे चौतीस, एकशे एकोणतीस, एकशे एकतीस. तिनं भाकर अर्धी केली. भात बंदच केला. आकडा खाली आला नाही, वजन मात्र उतरलं. मॅडम रागावल्या.

"उपाशी राहून आकडा सुधारायचा नसतो. बाळाला खायला लागतं. तुम्ही करता ते सगळं बरोबर करता आहात, तरी पुरत नाही. तुमची चूक नाही ही. आता इन्सुलिन सुरू करू."

इन्सुलिन म्हटल्यावर भावना पहिल्यांदा घाबरली. "मंग ते जन्मभर घ्या लागते काय?"

"नाही. बहुतेकींचं बाळंतपणानंतर थांबतं."

माया सिस्टरनं तिला शिकवलं. बाटली तळहातांमध्ये हळूच फिरवायची, जोरात हलवायची नाही. नाश्त्याच्या अर्धा तास आधी, मांडीला, दर वेळी जागा थोडी बदलून. घाम फुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली तर साखर उतरली समजायचं आणि तेव्हा मात्र तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची. सुगत शेजारी उभा राहून ऐकत होता. सुई बाहेर आली तसा तो व्हरांड्यात जाऊन बसला. विजेच्या खांबावर चढणारा माणूस. भावनाला हसू आलं. पहिल्या दिवशी तिनं स्वतःच टोचलं, चार युनिट, आणि नंतरही कधी दुसऱ्या कुणाला टोचू दिलं नाही. आठवडाभरात आकडे एकशे पंधरा-अठराच्या आसपास आले.

एप्रिलच्या सुरुवातीला माणिकबाई लेकीजवळ राहायला आली. इन्सुलिन का, याबद्दल तिला एवढंच सांगितलं होतं की थोडी शुगर निघाली आहे. तिनं फार विचारलं नाही. येताना आणलेला डिंक तिनं डब्यातून बाहेर काढलाच नाही. सकाळी उठून भाकरी थापायची, मोड आलेली मटकी शिजवायची, डबा भरून द्यायची, आणि लेक कामावर गेली की दार लोटून पंख्याखाली बसायची. उन्हानं बेचाळीस गाठलं होतं.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आकडे अचानक चढले. एकशे साठ. दुसऱ्या दिवशी एकशे शहात्तर. भावनानं खाण्यात काही बदललं नव्हतं. चौथ्या दिवशी ती आईला घेऊन दवाखान्यात गेली.

माया सिस्टरनं वही पाहिली. "आमरस सुरू केला काय?"

"नाही."

"खरं सांग. आंब्याचे दिवस आहेत, सगळ्याच खातात."

माणिकबाई मधेच बोलली, "नाही खाल्ला जी तिनं. मी सोता रांधतो. घरात आंबा आणलाच नाही आमी."

"मावशी, मी रागावून नाही विचारून राहिली," सिस्टर केस पेपर उघडत म्हणाली. "पहिलं बाळ चार किलो दोनशेचं होतं, तेव्हा शुगर कोणी पाहिली नाही, अन् बाळ पोटातच गेलं. म्हणून या वेळी एवढं खोदून विचारा लागते."

भावनानं सिस्टरकडे पाहिलं, पण बोलून झालं होतं. सिस्टर मॅडमना विचारायला आत गेली. दोघी बाकावर बसल्या. माणिकबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"शुगरनं गेली काय ते?"

"नक्की माहीत नाही. असू शकते म्हणतात."

"तुले कधीपासून माहीत हाय?"

"फेब्रुवारीपासून."

माणिकबाईनं पदराचं टोक सोडून दिलं. "मी तुले शिरा चारला व. रोज. तू नाही म्हणे तरी चारला."

"शिऱ्यानं नाही होत ते. मॅडमनं सांगतलं, वारेनं होते."

"पण वाढलं तं असन त्यानं."

भावनानं नाही म्हटलं नाही. खोटं बोलणं तिला जमत नाही. ती म्हणाली, "तपासलं असतं तं कळलं असतं. तपासायचं काम तुहं नव्हतं."

माणिकबाई रडली नाही. रांगेतल्या एका बाईनं पाण्याची बाटली पुढं केली, ती तिनं घेतली आणि दोन घोट पिऊन परत दिली. मग सिस्टर बाहेर आली. तिनं इन्सुलिनची बाटली कुठं ठेवता, असं विचारलं.

"फ्रीजच्या दारात."

"घरी जाऊन उजेडात धरून पाहा. गोठलं असन तर कामाचं राहत नाही. इथून नवीन बाटली घेऊन जा."

घरी आल्यावर भावनानं बाटली खिडकीपाशी धरली. आतलं औषध नेहमी दुधासारखं एकसारखं दिसायचं. आता काचेला बारीक पांढरे कण चिकटले होते, फिरवूनही सुटत नव्हते. संध्याकाळी सुगत आला तेव्हा तिनं बाटली त्याच्यासमोर ठेवली.

"हे कोणी वर बर्फात ठेवलं होतं काय?"

सुगतला आठवायला क्षणभर लागला. "मागच्या रविवारी. दिवसभर लाइन नव्हती, ट्रान्सफॉर्मर जळाला होता. मले वाटलं औषध गरम झालं असन. लाइन आली तशी वर ठेवली थंड व्हाले. मंग इसरलो. सकाळी आठवली, तू उठायच्या आंधी खाली ठेवून देली." तो खाली बसला. "मले काय माहीत, थंडीनं खराब होते."

भावनाला त्याच्यावर चिडायचं होतं, पण चीड आली ती स्वतःवर. शर्टावरचा सुटा धागा हातभर अंतरावरून दिसणाऱ्या बाईला रोज हातात घेतलेल्या बाटलीतले कण चार दिवस दिसले नव्हते. तिनं ती बाटली परत दवाखान्यात द्यायला पिशवीत टाकली आणि नवीन दारात ठेवली. माणिकबाईनं स्वयंपाकघरातून जावयाला एवढंच म्हटलं, "पाणी पिता काय?" दोन दिवसांत आकडे उतरले. सोनोग्राफीत बाळाची वाढ ठीक निघाली. त्या चार दिवसांनी काही बिघडलं नव्हतं.

त्यानंतर सिस्टरनं आणखी एक गोष्ट सांगितली. दिवसातून ठरावीक वेळी कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची. कमी वाटली तर सकाळची दुपार करायची नाही, लगेच यायचं. हे काम माणिकबाईनं आपल्याकडे घेतलं. भावना आडवी झाली की ती शेजारी बसायची, लेकीच्या पोटावर हात ठेवून. भावना 'हललं' म्हणायच्या आत तीच म्हणायची, "हाललं, पाह्य." पहिल्या बाळाबद्दल दोघी त्यानंतर एकदाच बोलल्या. आईनं विचारलं, तिचे केस कसे होते, मी पाहिलेच नाहीत. भावना म्हणाली, काळे, दाट.

पहिलं बाळ गेलं होतं म्हणून मॅडमनी फार वाट न पाहता, अडतीस आठवडे झाल्यावर दाखल व्हायला सांगितलं. मे महिन्याचे शेवटचे दिवस. कळा यायचं औषध दिलं. दर थोड्या वेळानं बोटातून रक्त घेत होते. भावनानं मोजलं नाही, पण नंतर तिच्या डाव्या हाताची तीन बोटं दुखत होती. चौदा तासांनी नैसर्गिक बाळंतपण झालं. मुलगी. तीन किलो शंभर ग्रॅम. रडली लगेच.

सुगत व्हरांड्यात होता. माणिकबाई बाहेर येऊन त्याला म्हणाली, "रडते हाय." मुलगी की मुलगा, हे सांगायचं तिच्या लक्षात राहिलं नाही.

एका अडचणीची कल्पना सिस्टरनं आधीच दिली होती. आईकडून येणारी साखर जन्मल्यावर एकदम बंद होते आणि बाळाची साखर खाली जाऊ शकते. म्हणून पहिल्या तासातच अंगावर पाजायला लावलं. मग बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त काढलं. आकडा एक्केचाळीस आला, कमी. भावना उठून बसली. तिला पुन्हा पाजायला लावलं, शिवाय चीक वाटीत काढून चमच्यानं दिला. तासाभरानं पुन्हा टाच टोचली. छप्पन्न. पुढच्या दोन तपासण्याही ठीक आल्या. पण तो मधला तास भावनाला पूर्ण बाळंतपणाहून लांब वाटला, असं ती सांगते. माणिकबाई बाळाच्या पायाचा अंगठा हलके दाबत बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून इन्सुलिन बंद झालं. मुलीचं नाव सुगतनं सुचवलं, अनुजा, म्हणजे मागून जन्मलेली. भावनानं अर्थ विचारला, ऐकला आणि हो म्हटलं.

सहा आठवड्यांनी ग्लुकोजचं पाणी पिऊन पुन्हा दोन तास बसायचं होतं. वॉर्डात तिच्या आजूबाजूच्या पाच जणींना हेच सांगितलं होतं. त्या दिवशी तिथं त्यांतली एकच दिसली. भावनाचा आकडा एकशे सव्वीस आला. मॅडम म्हणाल्या, "छान. पण सुटलात असं समजू नका. हे एकदा झालं की पुढं कधीतरी कायमची शुगर व्हायची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. वर्षातून एकदा तपासा. आणि आईंचीही तपासा एकदा." माणिकबाईची तिथंच तपासली. ती नॉर्मल निघाली. माणिकबाईला याचं जरा आश्चर्य वाटलं.

माणिकबाई नोव्हेंबरपर्यंत राहिली आणि बाळापूरला परतली. आता तिच्या आळीत कुणी पोटुशी दिसली की ती थांबवून विचारते, साखरेचं पाणी पाजलं काय दवाखान्यात. काही सुना कंटाळतात. एकदा एकीच्या सासूनं तिला तोंडावर सांगितलं, आमच्या घरात कोणाले शुगर नाही. माणिकबाई म्हणाली, "आमच्याही नव्हती," आणि चालू लागली.

भावना बाळंतपणाची रजा संपवून कामावर आली. शेडच्या कडेनं चालणं मधे सुटलं होतं, मुलीच्या मागं वेळ मिळत नव्हता. या वर्षीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर एकशे चार आली. मॅडमनी औषध दिलं नाही, वजन चार किलो उतरवायला सांगितलं. भावनानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी साडेबाराची सुट्टी झाल्यावर तिनं भाकर आणि पालेभाजी खाल्ली, डबा धुतला आणि अपेक्षाला विचारलं, "चालतं काय?" दोघी उन्हातून निघाल्या. शेडची सावली त्या वेळी फार अरुंद असते, एकामागं एक चालावं लागतं.